शंभर कोंबड्यांचा हिशेब

कोंबड्या पाळाव्यात असा विचार ज्याच्या मनात येतो, तो सर्वांत आधी कागद-पेन्सिल घेऊन बसतो. शंभर पिले आणावयाची. त्यांतील निम्मे नर, निम्म्या माद्या. नर चौथ्या महिन्यात विकावयाचे. माद्या सहाव्या महिन्यापासून अंडी घालू लागणार. एका मादीमागे वर्षाला दीडशे अंडी धरली तरी पन्नास माद्यांची साडेसात हजार अंडी झाली. या गुणाकारात चूक काढता येत नाही. मी शाळेत गणित शिकवितो, त्यामुळे माझ्या गुणाकारात तर ती नव्हतीच. परंतु कागदावरच्या कोंबडीला थंडी वाजत नाही, मुंगूस तिच्या वाटेस जात नाही आणि ती दाणेही मागत नाही. २०१६ च्या जून महिन्यात मी १०० पिले आणली आणि पुढील वर्षभरात कागद व अंगण यांतील अंतर शिकलो. छोट्या शेतकऱ्याच्या दृष्टीने १०० ही कोंबड्यांची सर्वांत अवघड संख्या आहे, असे माझे मत बनले आहे. ते का बनले, हेच आज सांगावयाचे आहे.

आमचे घर बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, घाटमाथ्यालगतच्या एका वाडीत आहे. सव्वा एकर भातशेत, परड्यात पाच-सहा नारळ, दोन फणस आणि काजूची थोडी झाडे. माझी आई या परड्यात लग्न होऊन आल्यापासून गावठी कोंबड्या पाळीत आली आहे. त्या कधी दहांच्या खाली आल्या नाहीत आणि पंधरांच्या वर सहसा गेल्या नाहीत. माहेराहून डालग्यात घालून तिने एक काळी, पिवळ्या पायांची कोंबडी आणली होती. पुढची सारी प्रजा तिचीच. गावठी कोंबडी वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी घालते, तीही तीन-चार खेपांत. बारा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक होते, अंडी घालणे थांबविते आणि उबवणीस बसू पाहते. एवढ्याशा अंड्यांत काय सुटणार, असे कोणासही वाटेल. पण त्या कोंबड्यांवर आईचा खर्च जवळजवळ नव्हताच. भात सडल्यावर उरणारी कणी आणि कोंडा, ताटातील उष्टे, शेणाच्या उकिरड्यातील किडे, सुगीनंतर शेतात गळलेले दाणे, एवढ्यावर त्यांचे भागे. पिलांसाठी ती एक युक्ती करी. मडक्यात ओलसर शेण आणि पेंढा भरून ते वाळवीच्या जागी उपडे घालून ठेवी. एक-दोन दिवसांनी मडके उचलले की आत वाळवी भरलेली असे, आणि पिले तिच्यावर तुटून पडत. अंडी आठवडी बाजारात जात, एखादा कोंबडा नाताळास किंवा गावच्या यात्रेस विकला जाई, आणि पैसे पत्र्याच्या एका डब्यात पडत. हिशेबाची वही नव्हती. माझ्या पीयूसीच्या दोन वर्षांची आणि पुढील शिक्षक-प्रशिक्षणाची फी बऱ्याच अंशी त्या डब्यातून गेली, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

मला मात्र ही रीत मागासलेली वाटे. बेंगळूरच्या कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकात 'गिरिराज' नावाची कोंबडी तयार केली, ती आमच्या भागात आता सर्वांच्या परिचयाची आहे. हैदराबादेत राजेंद्रनगर येथील केंद्रीय संशोधन संस्थेची 'वनराजा' ही तशाच हेतूने निर्माण झालेली. रंगीत पिसे, परसात हिंडून चरण्याची वृत्ती, गावठीच्या दुपटीहून अधिक अंडी, आणि नीट खाऊ घातल्यास साडेतीन महिन्यांत दोन किलोंच्या पुढे जाणारा नर, असे त्यांचे गुण आहेत, आणि ते खोटे नाहीत. घराच्या छपराची कौले बदलण्यासाठी मी २२ हजार रुपये बाजूस ठेवले होते. ते एका वर्षात दीडपट होऊन परत येतील आणि मग कौलांबरोबर वासेही बदलता येतील, असा माझा बेत होता. आईने एवढेच विचारले, "शंभरांना रोज दाणे कुठून आणशील?" मी तिला माझा कागद दाखविला.

एक दिवसाची पिले आणली म्हणजे पहिले तीन-चार आठवडे त्यांची आई आपणास व्हावे लागते. पंखांखाली पिले घेऊन बसलेली कोंबडी शुभवर्तमानातही आली आहे. तिचे काम किती अवघड आहे, हे तिच्याऐवजी बसल्यावर समजते. पिलांच्या अंगावर पिसे नसतात, नुसती लव असते, आणि शरीराची ऊब स्वतः राखण्याची शक्ती त्यांना अद्याप आलेली नसते. म्हणून पहिल्या आठवड्यात त्यांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३५ अंश सेल्सियस, इतकी ऊब लागते, आणि पुढे दर आठवड्यास ती पाच अंश फॅरनहाइटने कमी करीत जावयाची. यासाठी टोपलीसारख्या झाकणाखाली विजेचे दिवे टांगतात. त्यास कृत्रिम दाई असे म्हणतात. उष्णतामापक नसला तरी चालते. पिले दिव्याखाली दाटीवाटीने गोळा होऊन चिवचिवाट करू लागली तर ऊब कमी आहे. दिव्यापासून दूर जाऊन चोची उघडून धापा टाकू लागली तर जास्त आहे. सगळीकडे सारखी पसरून खात-पीत असली तर बरोबर आहे. हे सारे मी वाचले होते आणि आठ दिवस तंतोतंत पाळलेही.

नवव्या रात्री पाऊस कोसळला. आमच्याकडचा मृगाचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांस अधिक सांगावयास नको. झाड पडून विजेची तार तुटली आणि दिवे गेले. मी घरात झोपलो होतो. पिलांच्या खोलीतील दिव्याचा उजेड खिडकीतून दिसत असे, तो दिसेनासा झाल्याचे झोपेत कोणास कळणार? पहाटे आईने हाक मारली. गारठ्याने सर्व पिले खोलीच्या एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली होती. वरच्या थरातील जिवंत होती, खालची गुदमरली होती. २७ पिले मेली. मी उभा राहिलो, आणि आई कामास लागली. तिने चुलीतील रसरशीत निखारे तीन मडक्यांत भरले, धूर नाहीसा होईपर्यंत ती बाहेर ठेवली, निखाऱ्यांवर राख पसरली, आणि मडकी पिलांच्या मधोमध मांडून भोवती पोती लावली. वरची फट मात्र हवेसाठी मोकळी ठेवली. वीज तिसऱ्या दिवशी आली. तोवर रात्रंदिवस आम्ही पाळीपाळीने निखारे बदलीत होतो. उरलेली ७३ पिले त्या तीन मडक्यांवर जगली.

ज्यांना पिले आणावयाची आहेत, त्यांनी या रात्रीतून दोन गोष्टी घ्याव्यात. पिलांभोवती पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा फूट-दीड फूट उंचीचा आडोसा गोल लावावा. कोपरा असला की पिले तेथे जाऊन एकमेकांस चिरडतात; वर्तुळाला कोपरा नसतो. मी भूमिती शिकवितो आणि ही गोष्ट मला २७ पिले मेल्यावर सुचली. दुसरे असे की, विजेवर अवलंबून असणाऱ्याने कोळसा व मडकी पावसाआधी जवळ करून ठेवावीत, आणि पहिले पंधरा दिवस पिलांच्या शेजारी झोपावे.

पुढे मुंगसाने तीन नेली, दोन पिले रक्ती हगवणीने गेली. ही हगवण जमिनीवर पसरलेल्या तुसाच्या ओलीतून येते. पावसाळ्यात तूस भिजले की त्यास आंबूस, डोळे चुरचुरविणारा वास येतो, आणि तो वास हीच धोक्याची सूचना. तूस रोज खालीवर करावे, भिजलेला भाग काढून टाकावा, पाण्याचे भांडे जाळीवर ठेवावे म्हणजे सांडलेले पाणी तुसात मुरत नाही. सप्टेंबरमध्ये माझ्याकडे ६८ पक्षी उरले: ३३ नर आणि ३५ तलंगा.

नर विकण्याची वेळ आली आणि माझ्या दुसऱ्या अज्ञानाचा उलगडा झाला. जूनमध्ये आणलेली पिले तीन-साडेतीन महिन्यांची होतात ती ऐन भाद्रपद-आश्विनात. श्रावणात खाणारे खात नाहीत; गणपती, पितृपक्ष व नवरात्र यांमुळे पुढेही दीड महिना बाजार थंडच असतो. आमच्या ख्रिस्ती घरांतून त्या दिवसांत मागणी असते, पण आमची वाडी ती किती! आणि आमचाही ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ आहेच. कोंबड्याला मात्र या कशाचे सोयरसुतक नसते. वजन वाढणे मंदावले तरी खाणे चालूच राहते. दसऱ्यापर्यंत थांबून मी ते विकले, तेव्हा थांबण्याच्या दिवसांतील खाद्याने नफ्याचा बराच भाग गिळला होता. नर विकण्याच्या हेतूने पिले आणावयाची असतील तर सप्टेंबरच्या मध्यास आणावीत. ती बरोबर नाताळास तयार होतात आणि पावसाचा त्रासही चुकतो. हे आईस ठाऊक होते. मी विचारले नव्हते.

आता मुख्य हिशेबाकडे येतो. भाव आज एक तर उद्या दुसरा असतो, म्हणून रुपयांऐवजी वजनात बोलू. तलंग अंड्यावर येईपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिन्यांत, आठ ते दहा किलो खाद्य खाते. त्यानंतर मोठी कोंबडी बांधून ठेवल्यास दिवसाला सुमारे १२० ग्रॅम खाते. माझ्या ३५ कोंबड्यांना दररोज ४ किलो २०० ग्रॅम खाद्य लागे. जानेवारी २०१७ पासून अंडी सुरू झाली. पहिले अंडे हातात घेतले त्या सकाळचा आनंद मी लपवीत नाही. शाळेत ते खिशातून नेऊन मी सहकाऱ्यांना दाखविले होते. चांगल्या दिवशी वीस अंडी मिळत, परंतु वहीवरून सरासरी काढली तेव्हा ती दिवसाला पंधरा भरली. म्हणजे एका अंड्यामागे २८० ग्रॅम खाद्य पडले. मोठ्या व्यावसायिक शेडमधील पांढरी संकरित कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाते आणि वर्षात ३०० वर अंडी देते. तिच्या अंड्यामागे १३०-१३५ ग्रॅम पडतात. शिवाय तो मालक मका व सोयाबीनची पेंड गाडीने आणून स्वतः मिश्रण करतो, आणि मी दुकानातून एकेक पोते उचलीत होतो. त्याच्या दुप्पट खाद्य, तेही त्याच्याहून महाग. गावरान म्हणून माझ्या अंड्यास भाव अधिक मिळे हे खरे, पण या दोन्ही फरकांची भरपाई होण्याइतका तो नव्हता. कोंबडीपालनात एकंदर खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश वाटा खाद्याचा असतो; तेथे जो हरला त्यास इतर काटकसर तारू शकत नाही.

यावर उपाय एकच, तो म्हणजे कोंबड्या सोडून चरावयास लावणे. तोही केला. सुगीनंतरच्या दिवसांत दुपारी तीनपासून दिवेलागणीपर्यंत त्यांना रिकाम्या शेतात सोडू लागलो, तेव्हा पोत्यातील खाद्य जवळजवळ एकतृतीयांशाने वाचले. पण पस्तीस मोठ्या कोंबड्या सव्वा एकराची मर्यादा पाळीत नाहीत. फेब्रुवारीपर्यंत शेतातील दाणे संपले, आणि त्या शेजाऱ्यांच्या मिरचीच्या वाफ्यांत शिरल्या. कोंबड्यांवरून दोन घरांत भांडण होणे ही आपल्याकडील फार जुनी गोष्ट आहे. आईच्या बारा-चौदा कोंबड्यांनी ती वेळ कधी आणली नव्हती. बाराजणींचे पोट परड्यात भरते, पस्तिसांचे भरत नाही. पाच हजार असल्या तर खाद्य गाडीने येते, व्यापारी दारात येतो. मधली संख्या परड्याला जड आणि बाजाराला हलकी. शंभर ही संख्या अवघड आहे असे मी आरंभी म्हणालो, ते यासाठी.

तथापि वर्षाअखेर तोटा झाला नसता, निदान खर्च तरी निघाला असता. मे महिन्यात जे घडले त्याने तो प्रश्नच उरला नाही.

मानमोडी हे नाव आपल्या खेड्यांत सर्वांना ठाऊक आहे. इंग्रजी ग्रंथांत या रोगास न्यूकॅसल हे नाव आहे, कारण १९२६ साली तो इंग्लंडातील त्या शहराजवळ ओळखला गेला. त्याच सुमारास तो जावा बेटातही आढळला. आपल्याकडे तो लवकरच कुमाऊंतील रानीखेत येथे आढळला, म्हणून भारतात तो रानीखेत या नावाने ओळखला जातो. हिमालयातील एका रम्य गावाच्या कपाळी हे नाव यावे, हे त्याचे दुर्दैव. पक्षी मलूल होतो, पिसे फुलवून बसतो, हिरवट पातळ हगतो, मान उंचावून तोंडाने श्वास घेतो. जे यातून लगेच मरत नाहीत त्यांची मान पिळल्यासारखी वाकडी होते. विषाणूचा रोग असल्याने औषधाने तो बरा होत नाही. लस मात्र उत्तम आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब, आणि सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर पंखाखालच्या कातडीत टोचणी. ही टोचण्याची लस मुक्तेश्वर येथील आपल्याच संशोधनशाळेची देणगी आहे.

माझ्या कोंबड्यांना दोन्ही लसी दिल्या होत्या, असे माझी वही सांगत होती. एप्रिलच्या अखेरीस आठवडी बाजारात दोन धष्टपुष्ट कोंबड्या अर्ध्या किमतीत मिळाल्या, म्हणून मी घेतल्या आणि त्याच संध्याकाळी इतरांत सोडल्या. कोणाच्या घरी रोग शिरला की तो मनुष्य उरलेल्या कोंबड्या घाईघाईने बाजारात नेऊन मिळेल त्या भावास विकतो, आणि रोग बाजारातून गावोगाव जातो. स्वस्त कोंबडी पाहिली की आज माझ्या मनात प्रथम हाच संशय येतो. तेव्हा आला नाही. सहाव्या दिवशी त्या दोघींतील एक मान टाकून बसलेली दिसली. पुढील नऊ दिवसांत माझ्या ३५ कोंबड्यांपैकी २६ मेल्या.

पशुवैद्य आले. त्यांनी पक्षी पाहिले आणि मला विचारले, "मास्तर, टोचायची लस आणलीत ती बर्फात घालून का?" ऑगस्टातील ती लस मी शाळेच्या पिशवीत घालून, बसमधून आणली होती. त्या दिवशी पाऊस होता, म्हणून ती रात्रभर फळीवर ठेवून दुसऱ्या दिवशी टोचली होती. या लशीत जिवंत विषाणू दुबळा करून ठेवलेला असतो. ती दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये राहिली तरच तो जिवंत राहतो, आणि पाण्यात मिसळल्यावर तासा-दोन तासांत ती संपवावी लागते. मी कोंबड्यांना जे टोचले होते ते बहुधा नुसतेच पाणी होते. पशुवैद्य पुढे काही बोलले नाहीत. चुना घालून खोल खड्ड्यात पक्षी पुरावयास सांगून ते गेले.

परंतु माझ्या मनास लागून राहिले ते या २६ पक्ष्यांचे मरण नव्हे. आईच्या कोंबड्यांना आम्ही लस कधी दिलीच नव्हती. त्यांची गरज मला वाटली नव्हती, आणि माझ्या हिशेबात त्या नव्हत्याही. त्या १४ होत्या, १२ मेल्या. राहिला तो एक कोंबडा आणि मान वाकडी झालेली एक कोंबडी, जी दाण्यावर चोच मारावयास गेली की चोच भलतीकडेच पडे. आई तिला मांडीवर घेऊन भाताचे गोळे भरवी. माहेरच्या काळ्या कोंबडीचा वंश असा आठवड्यात संपला. खड्डा बुजवून आम्ही हात धूत होतो, तेव्हा ती मला म्हणाली, "तुझ्या शंभरांत माझ्या चौदा धरल्या नव्हत्यास ना रे?" तिच्या स्वरात राग नव्हता, म्हणून मला उत्तर देता आले नाही. कौले त्या पावसाळ्यातही जुनीच राहिली.

या धंद्यातील चढउतार केवळ रोगाचे नसतात, हेही सांगितले पाहिजे. २००६ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला, तो भारतातील पहिला. आणि जेथे रोगाचा मागमूसही नव्हता तेथेही अंडी-कोंबडीचा खप बसला. वास्तविक नीट शिजविलेल्या अन्नात तो विषाणू टिकत नाही. २०२१ च्या आरंभी इंदूरमध्ये मेलेल्या कावळ्यांत तो सापडला, तेव्हा तीच भीती पुन्हा पसरली. २०२० च्या मार्चमध्ये तर कोंबडी खाल्ल्याने करोना होतो अशी निराधार अफवा उठली, आणि भाव इतके कोसळले की कर्नाटकात काही ठिकाणी जिवंत पक्षी खड्ड्यांत पुरण्यात आले. उलट एखाद्या पक्ष्याचे भाव अवाच्या सवा चढतात तेव्हाही सावध असावे. झाबुआचा कडकनाथ हा काळ्या मांसाचा पक्षी उत्तम आहे. २०१८ मध्ये त्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. पण पिले घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावाने विकत घेऊ, अशा आश्वासनावर पश्चिम महाराष्ट्रातील पुष्कळ शेतकऱ्यांनी पैसे गुंतविले, आणि २०१९ मध्ये ते बुडाल्याच्या तक्रारी झाल्या. त्यात पक्ष्याचा दोष काय?

करारावर मांसल कोंबड्या वाढविणारे आमच्या तालुक्यात आहेत. पिले, खाद्य, औषधे कंपनीची. शेड, वीज, पाणी, मेहनत आपली. पाच-सहा आठवड्यांनी पक्षी उचलले की किलोमागे ठरलेला मोबदला. बाजार पडल्याची झळ त्यांना थेट लागत नाही. उन्हाळ्यात उष्म्याने पक्षी पटापट मरतात, ती लागते. ज्यांच्याजवळ शेडचे भांडवल व चोवीस तास माणूस आहे, त्यांनी अवश्य करावे. शाळा सांभाळून ते होत नाही.

आमच्या घरी पुन्हा कोंबड्या आल्या त्या अशा. आधीच्या वर्षी आईने नंदगडकडे राहणाऱ्या आपल्या बहिणीस उबवणीसाठी बारा अंडी दिली होती. तेथे रोग गेला नव्हता. मी सबंध पावसाळा खुराडे रिकामे ठेविले. जुने तूस जाळले, भिंतींना दोन वेळा चुना दिला. ऑक्टोबरमध्ये मावशीकडून एक खुडूक कोंबडी व अकरा अंडी आणली. आईने टोपलीत पेंढा घातला, विजेच्या कडकडाटाने अंडी नासू नयेत म्हणून त्यात एक लोखंडी खिळा ठेविला, आणि मी काही बोललो नाही. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडावर अंडी धरून पाहिली. ज्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसल्या ती ठेविली, दोन पारदर्शक निघाली ती काढली. एकविसाव्या दिवशी आठ पिले बाहेर आली. त्यांतील तीन काळी होती, पिवळ्या पायांची. यांची दाई कोंबडीच असल्याने त्या वर्षी माझी झोप शाबूत राहिली.

आज आमच्याकडे बारा गावठी आणि सहा गिरिराज आहेत, आणि त्यांचे पोट मुख्यतः परड्यात भरते. पोत्यातील खाद्य पावसाळ्यात व अंड्यांच्या भरात तेवढे देतो. शिंपल्यांचा चुरा मात्र वर्षभर एका करवंटीत ठेवलेला असतो, म्हणजे अंड्याचे कवच पातळ होत नाही. २०२० च्या टाळेबंदीत दुकानात खाद्य मिळेना, तेव्हा या अठरांना त्याची फारशी जाणीव झाली नाही. नवा पक्षी कितीही गोजिरवाणा असो, तीन आठवडे निराळ्या डालग्याखाली राहतो. खुराड्यातील जुने तूस उकिरड्यात चांगले कुजवून शेतास जाते. ताजे टाकले तर रोपे करपतात.

राहिली ती लस. सर्वांत लहान बाटलीतही आम्हांला १०० मात्रा मिळतात, आणि एकदा फोडली की ती ठेवता येत नाही. अठरा कोंबड्यांसाठी शंभर मात्रा कोण घेणार, या विचाराने लहान घरे लस टाळतात, आणि मग एका घरचा रोग सर्वांच्या दारी येतो. म्हणून आम्ही वाडीतील नऊ घरे मिळून एक बाटली आणतो. मी थर्मासमध्ये बर्फ घालून तालुक्याहून ती घेऊन येतो. आदल्या दिवशी प्रत्येक घराने आपल्या कोंबड्यांचा आकडा कळवावयाचा, आणि संध्याकाळी त्या खुराड्यात शिरल्या की पशुवैद्यांच्या सहायकाने टोचावयाचे. गेल्या खेपेस सर्व घरांची बेरीज ९३ झाली. सात मात्रा वाया जाणार असे मी म्हणताच आई उठली, कंदील घेऊन ओढ्यापलीकडच्या घरी गेली, आणि त्यांच्या सात कोंबड्या दोन डालग्यांत घालून घेऊन आली.